आखाड्यावरची हॉट रॉड : गाडी जमिनीलगत आणायची तर चेसिस कशी आखावी?

धागाकर्ता : गोदाकाठ (परभणी जिल्हा)

सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन वर्षांपासून आमच्या आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, पत्र्याच्या शेडमध्ये मी एक हॉट रॉड बांधत आहे. माझा व्यवसाय शेतीचा असून वेल्डिंगचे काम मी आय.टी.आय.मध्ये शिकलो. पहिली चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पूर्ण झाल्यावर मला ती भंगारात द्यावी लागली आणि आता दुसरी आखायला घेतली आहे. त्या अनुभवातून जे समजले ते येथे मांडावे आणि जिथे अडलो आहे तिथे जाणकारांचा सल्ला घ्यावा, या हेतूने हा धागा काढत आहे.

आपल्याकडे चकचकीत रंगवलेल्या आणि मोठा आवाज करणाऱ्या कोणत्याही गाडीला हॉट रॉड म्हटले जाते, म्हणून मूळ गोष्ट आधी सांगतो. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुणांनी फोर्डच्या जुन्या, स्वस्तात मिळणाऱ्या गाड्या घेतल्या, त्यांची मडगार्डे, टप आणि जे जे उतरवता येईल ते सारे उतरवून त्या हलक्या केल्या, इंजिने सुधारली आणि मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर त्या वेळ लावून पळवल्या. या शर्यतींना शिस्त लावणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ मध्ये स्थापन झाली. फोर्डने १९३२ मध्ये ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत बसवले आणि त्या सालची गाडी आजही या छंदाची आद्यमूर्ती मानली जाते. गाडी बुटकी करण्यामागे दिसण्यापेक्षा कामाचा विचार मोठा होता, कारण वाऱ्याला समोरून भिडणारे अंग जितके लहान, तितका त्याच ताकदीत वेग अधिक मिळतो, आणि वजन खाली बसले की गाडी वळणावर कमी झुकते.

बुटकेपणा आणण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ केली की फसगत होते. टपाचे खांब कापून छत खाली आणणे म्हणजे चॉपिंग. बॉडीच्या मधून आडवी पट्टी कापून काढून उरलेले वरचे-खालचे भाग जोडणे म्हणजे सेक्शनिंग, आणि हे काम सर्वांत अवघड. बॉडीची फरशी कापून तिला चेसिसवर न ठेवता चेसिसच्या भोवती खाली उतरवणे म्हणजे चॅनलिंग. या तिन्हींत चेसिस आहे त्याच उंचीवर राहते. खुद्द चेसिस खाली आणायची असेल, तर तिचे दोन्ही बाजूंचे लांब दांडे ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या, अलीकडे कापून त्यांना वर चढणारी पायरी द्यावी लागते, म्हणजे मधला भाग जमिनीलगत राहतो आणि ॲक्सलवरून जाणारा भाग उंचावरून जातो. इंग्रजी झेड अक्षरासारखा आकार होतो, म्हणून तिकडे याला झेड करणे म्हणतात. मी या कामाला पायरीच म्हणतो.

आपल्याकडे मात्र गाडी खाली आणायची म्हटले की पहिला हात कमानपाट्यांना, म्हणजे स्प्रिंगचे काम करणाऱ्या वाकलेल्या पोलादी पट्ट्यांना, लावला जातो. पाटे काढतात, किंवा गॅसच्या ज्वाळेने तापवून सपाट करतात. तापवलेल्या पाट्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतो, आणि असा पाटा कधी मोडेल याचा भरवसा राहत नाही. शिवाय पाटा सपाट झाला तरी ॲक्सल आणि चेसिस यांच्यामधली धक्का खाण्याची जागा तेवढीच कमी झालेली असते, त्यामुळे पहिल्याच खड्ड्यात चेसिस ॲक्सलवर आपटते. पाट्यांना हात न लावता चेसिसच नव्याने आखणे हाच मार्ग आहे, या मतापर्यंत मी आलो आहे.

माझा हिशेब असा आहे. इंजिन, पाच गिअरचा गिअरबॉक्स आणि मागचे हौजिंग (मागच्या ॲक्सलचे कवच) हे सर्व एका जुन्या ॲम्बेसेडरचे आहे, ज्यात इसुझुचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन येत असे. पुढे टू-व्हील ड्राइव्ह जीपचा अखंड ॲक्सल आहे. १५ इंची चाकावर टायर चढवल्यावर ॲक्सलचा मध्य जमिनीपासून ३३ सेंटीमीटरवर येतो. हौजिंगच्या नळीची अर्धी जाडी ४ सेंटीमीटर धरली आणि धक्क्याला ९ सेंटीमीटर जागा मोकळी ठेवली, तर ॲक्सलवरून जाणाऱ्या दांड्याची खालची कड ४६ सेंटीमीटरच्या खाली येता कामा नये. मधल्या भागाची खालची कड मला १५ सेंटीमीटरवर हवी आहे. दोन्हींतला फरक ३१ सेंटीमीटर, म्हणजे फूटभर पायरी. एवढी मोठी पायरी पाटे तापवून कधीही मिळणार नाही, हे कागदावर मांडले की लगेच दिसते.

आता पहिली चेसिस का गेली ते सांगतो. १०० बाय ५० मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप घेऊन वैशाखात पुढचा अर्धा भाग जोडला. शेडमध्ये कोबा केलेला होता. गवंडी घराचा पाया आखतो त्याच रीतीने मी ओळंबे सोडून कोब्यावर खडूच्या खुणा केल्या, दोन्ही कर्ण मोजले आणि त्यांच्यात २ मिलिमीटरचाच फरक आला. त्यानंतर पेरणी सुरू झाली आणि काम थांबले. मूग-उडीद निघाल्यावर, भाद्रपदात, त्याच खुणांवर भरवसा ठेवून मागचा भाग आणि पायरी जोडली. चाके चढवली तेव्हा मागचे डावे चाक जमिनीला टेकेना. नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांची पाणसळ काढली, तेव्हा चेसिस १४ मिलिमीटर पिळलेली निघाली.

कारण शोधायला आठ दिवस लागले. आमची जमीन भारी काळी आहे. ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेडच्या ज्या कडेला पागोळ्यांचे पाणी पडून मुरत होते, त्या कडेचा कोबा पावसाळ्यात ९ मिलिमीटर वर उचलला गेला होता, आणि शेडच्या मध्यावर, जिथे जमीन कोरडी राहिली, तो जागचा हलला नव्हता. ज्या जमिनीला मी आधार मानून मापे घेतली, ती जमीनच पेरणी आणि काढणी यांच्या मध्ये हलली होती. उरलेले ५ मिलिमीटर माझ्या वेल्डिंगने ओढले. जॅक लावून चेसिस उलटी पिळून पाहिली, तेव्हा पायरीच्या सांध्यावर केसाएवढी भेग दिसली. ती पाहिल्यावर त्या चेसिसवर कोणाला बसवण्याची माझी तयारी राहिली नाही.

तीन बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. पायरीचा सांधा कसा बांधावा म्हणजे तो ओढणार नाही आणि तडकणार नाही? चेसिस इतकी खाली आल्यावर स्टेअरिंग आणि ब्रेक यांच्या कोणत्या मापांकडे लक्ष द्यावे? आणि कायद्याने या गाडीचे स्थान काय?

प्रतिसाद १ : जालना_लेथ

गोदाकाठभाऊ, जमिनीचे जे आपण शोधून काढले ते आमच्या धंद्यात जुने दुखणे आहे. जालन्यात जिथे जिथे काळ्या मातीवर शेड आहे, तिथे लेथचा पायासुद्धा मुरूम भरून खोलवरून उचलतात, नाहीतर दर पावसाळ्यानंतर मशीनची पाणसळ पुन्हा काढावी लागते. कोब्याला आधार मानू नका. जुने दोन लोखंडी गर्डर समांतर ठेवा, त्यांना खाली चार-चार मोठे बोल्ट लावून उंची कमीजास्त करण्याची सोय करा, आणि चेसिसची सर्व मापे त्या गर्डरवरून घ्या. जमीन हलली तरी बोल्ट फिरवून गर्डर पुन्हा पाणसळीत येतात. काम सुरू करण्याआधी रोज सकाळी नळी लावण्याची सवय ठेवा, कारण पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी लोखंड तापून वाढते आणि दुपारचे माप सकाळच्या मापाशी जुळत नाही.

आता सांध्याविषयी. आपण बहुधा एक सांधा पूर्ण भरून मग दुसऱ्याकडे गेलात. वेल्डिंगचा रस गार होताना आकसतो आणि ज्या बाजूला आधी भरला, त्या बाजूला दांडा ओढला जातो. सर्व चेसिस आधी फक्त टाक्यांवर, म्हणजे वेल्डिंगच्या लहान ठिपक्यांवर, उभी करावी, कर्ण मोजावेत, मग डाव्या दांड्यावर दोन इंच, लगेच उजव्या दांड्यावर त्याच जागी दोन इंच, मग पुढे, मग मागे, असे फिरत राहावे. हात लागेल एवढे गार झाल्याशिवाय त्याच जागी परत येऊ नये. या पद्धतीने एका दिवसाचे काम तीन दिवसांवर जाते, पण त्याला दुसरा उपाय नाही.

पायरीच्या सांध्यावर बाहेरून पट्टी जोडावी लागते. ही पट्टी चौकोनी कापू नका. तिला शंकरपाळ्याचा आकार द्या. चौकोनी पट्टीची उभी कड दांड्याला आडवी छेदते, आणि वेल्डिंगच्या कडेला लोखंड तापून बदललेले असल्यामुळे वाकण्याचा सारा ताण त्या एका रेषेत येतो. आपल्याला दिसलेली भेग बहुधा अशाच रेषेत असणार. शंकरपाळ्याच्या तिरक्या कडांमुळे तो ताण लांबवर पसरतो. पायरीच्या आतल्या कोपऱ्यात तिकोनी कान द्यावेत आणि दोन्ही पायऱ्यांच्या मध्ये एक आडवा पाईप टाकावा, कारण त्या जागी दांडा वाकण्यापेक्षा पिळला अधिक जातो.

पाईप विकत घेताना आय.एस. ४९२३ या भारतीय मानकाचा शिक्का पाहून घ्या. ग्रिल आणि गेटसाठी जो पातळ पाईप मिळतो तो दिसायला तसाच असतो, त्यामुळे कॅलिपर सोबत न्यावा. आपल्या मापाचा पाईप मीटरला साडेआठ-नऊ किलो भरला पाहिजे. त्यापेक्षा फार हलका भरला, तर जाडी ४ मिलिमीटर नाही असे समजावे. चेसिसच्या सांध्यांना ७०१८ क्रमांकाचा वेल्डिंग रॉड वापरा आणि तो कोरडा ठेवा. ओलावा धरलेल्या रॉडचे वेल्डिंग वरून छान दिसते, पण आतून सच्छिद्र राहते.

प्रतिसाद २ : सनदशीर (छत्रपती संभाजीनगर)

आपला तिसरा प्रश्न आपण शेवटी विचारला असला, तरी त्याचे उत्तर आधी घ्यावे अशी विनंती आहे, कारण त्यावर गाडीची रचनाच अवलंबून राहील.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा हाच अर्थ कायम केला. त्यानंतर झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. आपण तर बदल करीत नसून पूर्ण नवी चेसिस बांधत आहात. नव्या गाडीला रस्त्यावर यायचे असेल, तर पुण्याची ए.आर.ए.आय. किंवा अहिल्यानगरची व्ही.आर.डी.ई. अशा मान्यताप्राप्त संस्थेकडून नमुन्याची चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळावे लागते. ही व्यवस्था कारखान्यांसाठी आहे आणि एकट्या माणसाने शेडमध्ये बांधलेल्या एका गाडीला ती पेलणारी नाही.

काही मंडळी जुन्या गाड्यांच्या, म्हणजे व्हिंटेज नोंदणीचा मार्ग सुचवतील. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे ही नोंदणी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या गाड्यांना मिळते आणि तिचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, चेसिस किंवा बॉडीमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात स्पष्ट अट आहे. हॉट रॉड म्हणजे नेमका हाच फेरफार. त्यामुळे तो मार्ग आपल्यासाठी बंद आहे.

उरतो मार्ग खासगी जागेचा. गाडी स्वतःच्या जमिनीवर चालवावी आणि प्रदर्शनाला न्यायची तर दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. कायद्यातील सार्वजनिक जागेची व्याख्या डांबरी रस्त्यापुरती नाही. जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती प्रत्येक वाट तिच्यात येते. म्हणजे आपल्या आखाड्याकडे जाणारी पांदण, जरी ती दोन्ही बाजूंनी आपल्याच शेतातून जात असली, तरी सार्वजनिक वाट ठरते. गाडी बांधाच्या आतच ठेवावी.

इंजिन कोणत्या गाडीचे आहे याचा कागद सांभाळावा. गाडी कायमची निकामी झाली, की कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवायचे असते. ज्यांच्याकडून आपण सामान घेतले, त्यांनी नोंदणी रद्द केल्याची प्रत आपल्या फाइलमध्ये असू द्या.

प्रतिसाद ३ : निमसावली (बीड)

माझे मत वेगळे आहे आणि ते आपण राग न मानता ऐकावे. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आमच्या लहानपणी गावात लग्नाचा नवरदेव, बाळंतीण आणि मंत्री हे तिघेही याच गाडीतून येत असत. एक चालू इंजिन आणि हौजिंग हाताशी असताना तेच दुसऱ्या एखाद्या ॲम्बेसेडरला बसवून ती जिवंत ठेवणे हे अधिक मोलाचे काम नव्हते का? कापलेली गाडी परत जोडता येत नाही.

प्रतिसाद ४ : गोदाकाठ (धागाकर्ता)

निमसावलीताई, राग मुळीच नाही. ज्या गाडीचे हे सामान आहे ती एका वाड्याच्या परसात अकरा पावसाळे उघड्यावर उभी होती. ॲम्बेसेडरला वेगळी चेसिस नसते. बॉडी आणि चेसिस एकच असते, आणि तिचे खालचे खोके गंजले की गाडीचा कणाच जातो. दाराचा उंबरा मी अंगठ्याने दाबला तेव्हा पत्र्याचा चुरा होऊन हातात आला. मागच्या पाट्यांचा पुढचा डोळा ज्या पत्र्याला धरून होता, तो पत्राही उरला नव्हता. दारे, काचा, पुढची जाळी आणि बोनेट यांतले जे चांगले होते, ते मी नांदेडकडच्या एका गृहस्थांना त्यांच्या ॲम्बेसेडरसाठी दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ती गाडी आज उभी आहे. धड गाडी कापायला घेऊ नये, हे आपले म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे.

सनदशीर साहेब, आपल्या उत्तराने माझा एक निर्णय झाला. ही गाडी रस्त्यावर येणार नाही. आखाड्यावर तीन एकरांचे मुरमाड माळरान आहे, तिथे ती चालेल. सामान देणाऱ्यांनी नोंदणी रद्द केल्याचा कागद माझ्याकडे आहेच. पांदणीचा मुद्दा मात्र माझ्या ध्यानीमनीही नव्हता, कारण शेडपासून माळापर्यंत जायला शंभर पावले पांदणीनेच जावे लागते. आता बांधाला आतून वाट काढावी लागेल.

प्रतिसाद ५ : गुण्या_ओळंबा (लातूर)

मी प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवतो. आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

चेसिस खाली येते तेव्हा तिच्यावर बसवलेले सर्व भाग तिच्याबरोबर खाली येतात, पण ॲक्सलवर बसवलेले भाग जागच्या जागीच राहतात. या दोहोंना जोडणाऱ्या प्रत्येक दांडीचा कोन त्यामुळे बदलतो. सर्वांत धोक्याची दांडी स्टेअरिंग बॉक्सकडून ॲक्सलवरच्या, चाक वळवणाऱ्या हाताकडे जाणारी. ती मुळात जवळजवळ आडवी असते. बॉक्स खाली आणि हात वर अशी स्थिती झाली, की चाक खड्ड्यातून वर उचलले जाताना ती दांडी चाकाला आपोआप वळवते, चालकाने स्टेअरिंग घट्ट धरलेले असले तरीही. यावर उपाय म्हणून बॉक्स चेसिसच्या वरच्या कडेला चढवून बसवावा, किंवा ॲक्सलकडचा हात खाली वळणारा घ्यावा, आणि गाडी आपल्या वजनावर उभी असताना दांडी पाणसळीत येईल असे पाहावे. हात तापवून वाकवण्याचा मोह कृपया टाळावा. स्टेअरिंगच्या कोणत्याही भागाला गॅस लावायचा नाही, हा नियम मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो.

अखंड ॲक्सलला मागे झुकाव लागतो, ज्याला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा वरून मागे झुकलेला असतो, म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते, तेच हे तत्त्व. अशा हलक्या गाडीला ५ ते ७ अंश ठेवावेत. पाट्याखाली पाचर देऊन हा कोन मिळतो. मागची पायरी चढवताना चेसिस पुढे किंवा मागे झुकली, तर हाच कोन नकळत बदलतो, त्यामुळे तो शेवटी, गाडीचे संपूर्ण वजन चाकांवर असताना मोजावा.

प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांडीच्या, दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. गिअरबॉक्सची बाहेर येणारी दांडी ३ अंश खाली झुकलेली असेल, तर हौजिंगचे नाक ३ अंश वर हवे, म्हणजे दोघे परस्परांना समांतर राहतात आणि एका टोकाच्या क्रॉसमध्ये (फिरत्या सांध्यात) निर्माण होणारा गतीचा चढउतार दुसऱ्या टोकाचा क्रॉस परत सरळ करतो. कोन जुळले नाहीत तर ठराविक वेगाला सगळी गाडी थरथरते, आणि लोक चाकांचे बॅलन्सिंग करीत बसतात.

ब्रेकच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे. आपण मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेकचे ऑइल चाकांकडे ढकलणारा) फरशीखाली बसवणार असाल, तर तो चाकांमधल्या सिलिंडरांपेक्षा खालच्या पातळीवर जाईल आणि ऑइल हळूहळू परत त्याच्याकडे उतरेल. सकाळी पहिला पॅडल रिकामा जातो तो यामुळे. यासाठी नळीत दाब धरून ठेवणारी झडप लागते. ड्रम ब्रेकला साधारण १० पी.एस.आय. आणि डिस्कला २ पी.एस.आय. एवढा दाब ती धरते. ड्रमसाठीच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा ही झडप आतच असते. आपली चारही चाके ड्रमची असतील तर डिस्कच्या गाडीचा सिलिंडर आणून बसवू नका, आणि पुढे डिस्क बसवल्या तर ड्रमची झडप त्यांना लावू नका, कारण ब्रेक घासत राहून तापतील.

शेवटी, दोरीची एक चाचणी आपण अवश्य करावी. एका बाजूच्या रिमच्या खालच्या कडेला दोरीचे एक टोक धरायचे आणि दुसरे टोक दुसऱ्या बाजूच्या टायरच्या जमिनीला टेकलेल्या जागी न्यायचे. मग हेच उलट बाजूने करायचे. या दोन दोऱ्यांच्या खाली गाडीचा कोणताही भाग लोंबता कामा नये. टायर फुटून गाडी रिमवर आली, तरी चेंबर (इंजिनखालचे ऑइलचे भांडे), ब्रेकची नळी किंवा चेसिस जमिनीत रुतणार नाही, याची ही खात्री आहे. हॉट रॉड बांधणारे लोक ही चाचणी फार गांभीर्याने घेतात.

प्रतिसाद ६ : वाळूज_शिफ्ट

एक मुद्दा राहिला. १९३२ च्या फोर्डसारखी उभी, अरुंद जाळी लावायची म्हणून आपण छोटा रेडिएटर घेतला असेल, तर आपल्याकडचा मे महिना लक्षात ठेवा. बाहेर ४३ अंश असताना रेडिएटरकडे जाणारी हवाच इतकी गरम असते, की पाण्यातली उष्णता काढून घेण्याची तिची ताकद कमी झालेली असते. रुंदी मिळत नसेल तर जाडी वाढवा. पंख्याभोवती पत्र्याचे पूर्ण आवरण करा, म्हणजे पंखा कडेची मोकळी हवा ओढत न बसता जाळीतूनच ओढील. ०.९ बार दाबाचे झाकण लावले, तर पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. माळरानावर गाडी सावकाशच चालणार, वाऱ्याचा झोत मिळणार नाही, म्हणजे सगळी भिस्त पंख्यावर राहील.

प्रतिसाद ७ : गोदाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सर्व वाचल्यावर मी लोखंडाला हात न लावता आधी शेडच्या गिलाव्याच्या भिंतीवर कोळशाने गाडीचे पूर्ण मापाचे चित्र काढले. जमिनीची रेघ पाणसळीने मारली, चाके दोरीच्या कंपासने काढली आणि चेसिसची बाजू पुठ्ठ्यातून कापून खिळ्यांवर टांगली, म्हणजे ती वरखाली सरकवता येते. भिंतीवर जे दिसले ते कागदावर दिसत नव्हते.

इंजिन जागेवर धरल्यावर चेंबर चेसिसच्या खालच्या कडेपेक्षा ३ सेंटीमीटर खाली येत होता. मी चेसिसचीच उंची मोजत राहिलो होतो, आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग चेंबर आहे हे माझ्या लक्षात आले नव्हते. आता इंजिन तेवढे वर घेतले आहे. त्यामुळे गिअरबॉक्सही वर आला, आणि हौजिंगच्या नाकाचा कोन पुन्हा जुळवला. गुण्या_ओळंबा सर, आपण सांगितलेले ३ अंश दोन्हीकडे बसले आहेत. स्टेअरिंग बॉक्स दांड्याच्या वर चढवला आणि दांडी आडवी आली.

दोरीच्या चाचणीसाठी पुढून दिसणारे चित्र वेगळे काढले. रिमची खालची कड जमिनीपासून १३ सेंटीमीटरवर आहे. तिथून दोरी दुसऱ्या बाजूच्या टायरच्या बुडाशी नेली, तर चेसिस आणि चेंबर दोन्ही दोरीच्या वर राहतात. सायलेन्सरचा पाईप मात्र उजव्या दांड्याच्या खालून नेला होता, तो दोरीच्या दोन बोटे खाली आला. पाईप आता दांड्याच्या बाहेरच्या अंगाने, दाराच्या खाली उघडा जाईल. जुन्या हॉट रॉडचे पाईप असे बाहेरून का दिसतात, याचे एक कारण मला भिंतीपाशी उभे राहिल्यावर कळले.

पाट्यांविषयीचे माझे आधीचे विधान थोडे दुरुस्त करतो. ॲम्बेसेडरचे मागचे पाटे पाच माणसे आणि सामान वाहण्यासाठी केलेले आहेत. माझी गाडी त्या मानाने फार हलकी होणार, म्हणून त्या पाट्यांची संख्या कमी करावीच लागेल, नाहीतर मागचा भाग लाकडासारखा उडेल. मुख्य पाटा आणि त्याला लगत असलेला दुसरा पाटा यांना हात लावणार नाही. मधले दोन काढून, गाडी वजनावर उभी करून पुन्हा मोजेन. पाटे कमी करण्याचे कारण गाडीचे वजन हे असावे. तिची उंची पायरीनेच ठरली पाहिजे.

प्रतिसाद ८ : जालना_लेथ

भिंतीवरचे चित्र फार चांगले केलेत. एकच शंका आहे. गाडी प्रदर्शनाला न्यायची झाली तर सनदशीर यांनी सांगितल्याप्रमाणे ती टेम्पोवर लादावी लागेल. फळ्या लावून चढवताना पुढची चाके टेम्पोच्या तळावर आणि मागची फळीवर असतील, तेव्हा मधला कोपरा चेसिसला लागेल. त्याचा हिशेब केला आहे का?

प्रतिसाद ९ : गोदाकाठ (धागाकर्ता)

केला नव्हता, तो काल रात्री केला. दोन्ही ॲक्सलमधले अंतर २.६ मीटर आणि मध्यावर जमिनीपासून १५ सेंटीमीटर मोकळी जागा. म्हणजे पुढच्या चाकापासून मध्यापर्यंत १.३ मीटरला १५ सेंटीमीटर, तो कोन साडेसहा अंशांचा, आणि दोन्ही बाजूंचा मिळून सुमारे १३ अंश. फळीचा चढ त्यापेक्षा जास्त झाला तर चेसिसचे पोट टेम्पोच्या कडेवर टेकेल. टेम्पोचा तळ ८० सेंटीमीटर उंच धरला, तर फळी निदान ३.६ मीटर लांब हवी, आणि काठावर बोटभर जागा सुटावी म्हणून मी ४ मीटरची धरतो.

गर्डर जालन्याहून परवा येत आहेत. त्यांच्याच गाडीत ४ मीटरचे दोन चॅनल सांगितले आहेत, ते फळ्यांसाठी. पागोळ्यांखाली शेडच्या त्या कडेला मुरूम भरून नाली काढली आहे, आणि दिवाळीनंतर रब्बीची पेरणी आटोपली की पहिला टाका मारीन. त्या दिवशी सकाळी नळीने काढलेली चारही कोपऱ्यांची मापे येथे लिहितो.